तैपेईत चांगली बबल टी कुठे आणि कशी शोधायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैपेईत राहायला आल्यापासून मला येणारे निरोप दोन प्रकारचे असतात. एक, 'तिकडे पोळ्या मिळतात का?' आणि दोन, 'बबल टी कुठली प्यायची?' पहिल्याचं उत्तर एका वाक्यात संपतं : कणीक मिळते, लाटणं घेऊन या. दुसऱ्याचं काही केल्या संपत नाही. शिकायला येणारी मुलं, शिन्चूच्या चिप कारखान्यांत रुजू होणारे इंजिनियर, आठवडाभर भटकायला येणारी कुटुंबं, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच. म्हणून ते एका जागी उतरवले आहेत. चिनी शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिलेत. सूर चुकले तरी काउंटरवरची मुलं समजून घेतात.

बबल टी म्हणजे नेमकं काय? त्यातले 'बबल' म्हणजे ते काळे गोळे का?

नाही. बबल म्हणजे फेस. चहा, साखर आणि बर्फ बंद पेल्यात घालून जोरजोरात हलवला की वर फेस येतो, त्यावरून हे नाव पडलं. काळे गोळे नंतर आले. त्यांना इथे 'जन-जू' म्हणजे मोती म्हणतात, आणि मोती घातलेला दुधाचा चहा म्हणजे 'जन-जू नाय-छा'. मोठ्या आकाराच्या मोत्यांना 'बो-बा' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ जरा चावट आहे, तो आजीसमोर विचारू नका. या सगळ्या प्रकाराचं एकत्रित नाव 'शौ-याओ', म्हणजे हाताने हलवलेलं पेय. 'छा' आपल्याला परका वाटत नाही, कारण तो आपलाच 'चहा'. गंमत म्हणजे इथल्या जुन्या होक्किएन बोलीत चहाला 'ते' म्हणतात आणि इंग्रजांचा 'टी' त्यातूनच आला.

पहिली बबल टी कुणी केली? त्या मूळ दुकानात जाण्यात अर्थ आहे का?

दावेदार दोन. ताइनानच्या हानलिन चहागृहाचे तू त्सोंग-ह सांगतात की 1986 मध्ये बाजारात पांढरे साबूगोळे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. ताइचुंगच्या छुन-श्वेइ-थांगचं म्हणणं असं की त्यांच्याकडच्या लिन श्यू-हुइ यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका बैठकीत आपल्या वाटीतले गोळे थंड चहात ओतले. दोघांचं भांडण दहा वर्षं कोर्टात चाललं. 2019 मध्ये निकाल लागला तो असा की हे पेय कुणीही बनवू शकतं, पहिलं कुणी बनवलं हे ठरवण्याची गरजच नाही. आपल्याकडे मिसळ पुण्याची की कोल्हापूरची हा खटला कुणी भरला नाही हे नशीब.

मुद्दाम ताइचुंग गाठायची आवश्यकता नाही. छुन-श्वेइ-थांगची शाखा तैपेईत च्यांग काय-शेक स्मारकाजवळच्या राष्ट्रीय संगीतगृहात आहे. तिथे बसून, काचेच्या ग्लासात चहा मिळतो. रस्त्यावरच्या दुकानापेक्षा महाग, पण एकदा प्यावा. त्यांचे मोती बारीक असतात, आणि बारीक मोती चहाच्या आड येत नाहीत हे तिथे कळतं.

इथे तर दर पन्नास पावलांवर दुकान आहे. चांगलं दुकान ओळखायचं कसं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या खेपेला मोती मागवूच नका. बिनसाखरेचा, बिनदुधाचा साधा चहा मागवा. मिसळीच्या हॉटेलात जाणकार माणूस आधी नुसता कट चाखून बघतो, तसंच. चहाचं पान निकृष्ट असेल, किंवा तो सकाळी करून दुपारपर्यंत तसाच पडला असेल, तर साखर आणि दूध ते सहज झाकतात. नुसत्या चहात मात्र लपायला जागा नसते. 'स-जी-छुन' नावाचा हलका, फुलांसारखा वास असणारा ऊलोंग (अर्धवट आंबवलेल्या पानांचा चहा) जवळजवळ सगळीकडे असतो, परीक्षेला तोच बरा. घोट गिळल्यावर घशात गोडसर चव मागे राहिली तर दुकान चांगलं. जीभ नुसतीच कोरडी पडली आणि वास आलाच नाही, तर पुढचं दुकान बघा.

मग मोती. ते साधारण अर्धा तास उकळतात, अर्धा तास झाकून ठेवतात आणि मग पाकात मुरवतात. एवढं करून त्यांचं आयुष्य जेमतेम चार तासांचं. नंतर ते बाहेरून गिळगिळीत आणि आतून दगड होतात. म्हणून चांगल्या दुकानात दिवसभर थोडे थोडे मोती शिजत असतात. काउंटरवरची मुलगी 'मोती अजून झाले नाहीत, दहा मिनिटं थांबा' म्हणाली तर चिडू नका. ते दुकान लक्षात ठेवण्याजोगं आहे. स्टेशनाजवळच्या एका दुकानात मला कधीच थांबावं लागलं नाही, आणि तिथले मोती घाईघाईत केलेल्या खिचडीतल्या न भिजलेल्या साबुदाण्यासारखे मधोमध कचकचीत होते.

चांगल्या मोत्यासाठी इथे एकच शब्द आहे : 'क्यू'. चिवट नाही, मऊही नाही. दात रुततो आणि मोती हलकेच परत ढकलतो, ते क्यू. फार आवडलं तर 'क्यू-क्यू'.

आणखी एक खूण. आतल्या स्टीलच्या पिंपांकडे नजर टाका. व्यवस्थित दुकानात प्रत्येक पिंपावर चहा किती वाजता केला त्याची चिठ्ठी असते. आणि फलकावर ऐंशी पेयं, त्यातली निम्मी निळी-जांभळी असतील, तर तिथला चहा हा सरबताचा पाहुणा आहे असं समजा.

गूगलचे तारे आणि लांब रांग यांवर विश्वास ठेवावा का?

ताऱ्यांवर बेताने. 'पाच तारे द्या, मोती फुकट घ्या' असा कागद कित्येक काउंटरांवर चिकटवलेला असतो, त्यामुळे आकडा फुगतो. तारे मोजण्यापेक्षा मधले, तीन ताऱ्यांचे अभिप्राय भाषांतर करून वाचा. 'मोती कडक' आणि 'आज चहा कडवट' या तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या तर उत्तर मिळालं.

रांग कुणाची आहे ते बघा. हातात सुटकेस आणि फोन वर धरलेला, अशी रांग असेल तर ती फोटोसाठी आहे. दुपारी तीनच्या सुमारास एकच माणूस दहा-बारा कपांची यादी घेऊन उभा असेल तर तो अख्ख्या ऑफिसचा चहा न्यायला आला आहे. ती रांग खरी.

शहराच्या कुठल्या भागात शोधू?

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर गोंगक्वान. राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या दारातला हा भाग, विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारा आणि विद्यार्थ्यांच्या जिभेला उतरलेला. इथेच छन-सान-दिंग आहे. काळ्या गुळसर पाकातले गरम मोती आणि त्यावर थंड ताजं दूध, त्यात चहा नाहीच. शुद्ध बोलायचं तर ती बबल टी नव्हे. पण गरम-गार एकत्र तोंडात येतं तेव्हा व्याकरण आठवत नाही.

शिमेनदिंग या तरुणांच्या, खरेदीच्या भागात दुकानं भरपूर आहेत, पण तिथे कढईतल्या पाकाचा देखावा जास्त. रात्रीच्या बाजारांत खायला जा, चहा बाजाराच्या मागच्या गल्लीत प्या.

वेळ असेल तर बबल टीला सुट्टी देऊन रोपवेच्या पाळण्यातून माओकोंगच्या डोंगरावर जा. तिथल्या मळ्यांतल्या थ्येक्वानयिन या ऊलोंगची किटली संपवून खाली उतरलात की दुकानांतल्या ऊलोंगची परीक्षा तुम्हाला आपोआप घेता येईल.

साखळी दुकानं टाळावीत का?

अजिबात नाही. चहाच्या बाबतीत इथल्या साखळ्या आपल्याकडच्या चांगल्या अमृततुल्यांइतक्या विश्वासाच्या आहेत. पिवळ्या-निळ्या पाटीचं वू-श-लान मूळचं ताइनानचं. मोती बरे, चहा सरळ, भाव वाजवी, आणि ते कुठेही सापडतं. दुधावर भर हवा असेल तर मिल्कशा, कारण तिथे पावडरीऐवजी ताजं दूध वापरतात. पहिले दोन दिवस अशा दुकानांत काढा, जिभेला एक पातळी कळेल. मग गल्लीतली एकांडी दुकानं धुंडाळा. उलट क्रमाने गेलात तर तुलना कशाशी करणार?

चिनी येत नाही. ऑर्डर कशी देऊ?

बहुतेक दुकानांत छापील यादी असते, बोट दाखवलं की झालं. त्यानंतर काउंटरवरून भरभर एक प्रश्न येतो : 'थ्येन-दू, बिंग-ख्वाय?' म्हणजे गोडी किती, बर्फ किती. नवखा माणूस इथेच गांगरतो. उत्तरं पाठ करून जा.

गोडी : 'शाओ थांग' म्हणजे पाऊणच्या आसपास, 'बान थांग' अर्धी, 'वेइ थांग' पाव ते तीस टक्के, 'वू थांग' शून्य. बर्फ : 'शाओ बिंग' कमी, 'वेइ बिंग' नावापुरता, 'छ्यू बिंग' म्हणजे बर्फ काढून, आणि 'रअ' म्हणजे गरम.

माझं नेहमीचं 'वेइ थांग, शाओ बिंग'. आपल्याकडच्या चहाची सवय असेल तर 'बान थांग'ने सुरुवात करा. पूर्ण गोडी बासुंदीच्या जवळ जाते. पावसाळ्यात किंवा घसा धरला असताना 'छ्यू बिंग' मागितलं तरी चहा गारच येतो. हलवताना बर्फ असतो, तो फक्त कपात पडत नाही.

मी 'वू थांग' सांगितलं तरी गोड लागतं. दुकानदाराने फसवलं का?

नाही, मोत्यांनी फसवलं. ते पाकात मुरलेले असतात, त्यामुळे मोती घातले की साखर आलीच. शिवाय मधाचे, फळांच्या मुरंब्याचे आणि काळ्या गुळाच्या पाकाचे प्रकार ठरावीक गोडीचेच येतात. यादीत त्यांच्यापुढे तसं लिहिलेलं असतं. मधुमेह असेल तर मोती नकोत. बिनसाखरेचा ऊलोंग आणि हवं तर त्यात 'आय-यू'. ही एका रानअंजिराच्या बियांची नैसर्गिक जेली, तिला स्वतःची गोडी जवळपास नसते, पण पाकात ठेवलेली नाही ना ते विचारून घ्या.

'नाय-छा' आणि 'श्येन-नाय-छा' यांच्या भावात फरक का?

'श्येन-नाय' म्हणजे ताजं दूध. नुसत्या 'नाय-छा'त बहुधा 'नाय-जिंग' म्हणजे क्रीमर पावडर असते. पावडरीचा चहा दाट, जिभेवर तेलकट आणि स्वस्त. ताज्या दुधाचा पातळ, पण चहा जाणवतो. पावडरीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, तरी जुन्या वळणाची नाय-छा तिच्याशिवाय जमत नाही असं इथली जुनी मंडळी छातीठोकपणे सांगतात. दूध वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. 'डेअरी नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमरमध्येही बरेचदा दुधातलं प्रथिन असतं.

पाटीवर 'आसाम नाय-छा' लिहिलंय. चहा भारतातून येतो का?

कधी येतो, कधी फक्त वाण आपला असतो. जपानी राजवटीत, 1925 साली, आसामचं बियाणं सूर्य-चंद्र सरोवराजवळच्या यूछीत लावलं गेलं आणि ते तिथे रुजलं. पुढे तैवानच्या चहा संशोधन केंद्राने ब्रह्मदेशी मोठ्या पानाचं झाड आणि इथलं रानटी झाड यांच्या संकरातून 18 क्रमांकाचा वाण काढला. त्याला लाल जेड म्हणतात. पुदिना आणि दालचिनीची झाक असलेला हा चहा कुठल्या दुकानात दिसला तर दुधाशिवाय प्या. प्रत्यक्ष कपातलं पान कुठलं ते साखळी दुकानांना जाहीर करावं लागतं. यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत देशांची नावं असतात.

मी शाकाहारी आहे. काय चालेल, काय नाही?

मोती चालतात. ते टॅपिओकाच्या पिठाचे. गवती जेली ('श्येन-त्साओ'), आय-यू आणि नारळाची जेली हेही वनस्पतीजन्य. धोका आहे तो पुडिंगमध्ये, कारण त्यात अंडं किंवा जिलेटिन असू शकतं. काही पेयांवर मलईचा थर घालतात, त्यातही काही ठिकाणी जिलेटिन असतं. विचारायचं वाक्य : 'योउ जी-ली-दिंग मा?' म्हणजे जिलेटिन आहे का. उत्तरात 'हान-थ्येन' ऐकू आलं तर निश्चिंत व्हा, ते समुद्री शेवाळाचं आगर-आगर. नुसतं 'वो छी सू', मी शाकाहारी आहे, एवढं म्हटलंत तरी लोक मनापासून मदत करतात, कारण इथे शाकाहारी मंडळी पुष्कळ आहेत.

मोती म्हणजे साबुदाणाच ना? मग बबल टी उपासाला चालेल का?

हा प्रश्न दर आषाढीच्या आधी येतो, आणि मला तो सगळ्यात आवडतो.

नातं सख्खं आहे. आपला साबुदाणाही टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाचाच. तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने आहेत. तिथे ओल्या पिठाचे बारीक दाणे पाडून ते भाजून वाळवतात. इथे पीठ गरम पाण्यात गुळसर साखरेसह मळून मोठे गोळे वळतात. कंद एक, घराणी दोन. तेव्हा ज्यांना साबुदाणा आणि चहा दोन्ही चालतात त्यांना ताज्या दुधाची, साध्या मोत्यांची बबल टी चालायला हरकत नसावी. पावडर आणि पुडिंग टाळा, त्यांत काय काय असतं ते वर आलं आहे. माझ्या सासूबाईंना मात्र हे पटलेलं नाही. 'दुकानातल्या चमच्याला काय काय लागलेलं असतं,' एवढ्यावर त्यांनी प्रकरण निकाली काढलं.

लहान मुलांना द्यावी का?

अगदी लहानांना मोती देऊ नका. जाड नळीतून मोती जोरात ओढला जातो आणि थेट घशात जातो. मोठ्या मुलांना चमच्याने द्या. दुसरी गोष्ट कॅफिनची. यादीवर रंगीत ठिपके दिसले तर ते बघा : लाल म्हणजे कपात 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त, पिवळा 100 ते 200 च्या मधला, हिरवा 100 पर्यंत. मोठ्या कपातला काळा चहा सहज पिवळ्यात जातो. संध्याकाळी सहानंतर मीही हिरव्यातच राहते.

दिवसातली कुठली वेळ चांगली?

दुपारी दोन ते पाच. दुकानं साधारण दहा-अकराला उघडतात, तेव्हा मोत्यांचा पहिला घाणा कधी कधी व्हायचा असतो. रात्री उशिरा मोती संपलेले असतात किंवा उरलेले असतात, आणि दुसरी शक्यता जास्त वाईट. चांद्र नववर्षाच्या दिवसांत छोटी दुकानं बंद राहतात, तेव्हा साखळ्यांवर भागवा.

किती पैसे पडतात? कार्ड चालतं का?

साधा चहा 30 ते 40 तैवानी डॉलर, मोत्यांचा दुधाचा चहा 50 ते 80. एक तैवानी डॉलर म्हणजे पावणेतीन-तीन रुपये धरा. छोट्या दुकानांत रोख लागते. मोठ्यांत मेट्रोचं ईझीकार्ड बरेचदा चालतं, परदेशी क्रेडिट कार्डाची खात्री नाही.

बिल फेकू नका. इथलं सरकारी बिल हेच लॉटरीचं तिकीट असतं. दर विषम महिन्याच्या 25 तारखेला सोडत होते आणि सर्वांत मोठं बक्षीस एक कोटी तैवानी डॉलरचं आहे. फारच छोट्या दुकानांना असं बिल देण्यातून सूट आहे, तेव्हा तिथे हट्ट धरू नका. मला आजवर दोनदा 200 लागले आहेत. म्हणजे साधारण सहा कप.

स्वतःचा कप नेला तर चालतो का?

चालतो, आणि किमान 5 डॉलर कमी होतात. 2022 च्या जुलैपासून तसा नियमच आहे. त्याच वर्षी 1 डिसेंबरपासून तैपेईतल्या पेयांच्या दुकानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कपांवर बंदी आली, म्हणून कागदी कप दिसतात. पिशवीही फुकट मिळत नाही. स्थानिक लोक कप अडकवायचा कापडी पट्टा बाळगतात. तो घ्या, घरी नेण्यासारखी वस्तू आहे. कप नेताना तोंड रुंद हवं आणि माप माहीत हवं : मोठा कप साधारण 700 मिलिलिटरचा. अर्धा लिटरच्या बाटलीत मोठा चहा ओतायला सांगणारे आपलेच लोक मी पाहिलेत.

मेट्रोत पीत जाता येईल का?

नाही! हे एवढं एकच उद्गारचिन्ह या पानावर. मेट्रो स्टेशनात शिरताना जमिनीवर पिवळी रेघ दिसते. तिच्या पलीकडे खाणं-पिणं बंद, अगदी पाण्याचा घोटसुद्धा. दंड 1,500 ते 7,500 तैवानी डॉलर. बंद कप हातात धरून जाता येतं, नळी खुपसलेली नको. विमानतळाच्या मेट्रोलाही हेच लागू. हाय-स्पीड रेल्वेत आणि साध्या रेल्वेत मात्र खुशाल प्या, शिन्चू-ताइचुंगचा प्रवास त्यावरच होतो.

मुंबई-पुण्यात प्यायले ते मोती तोंडात फुटत होते. इथले का फुटत नाहीत?

ते वेगळेच. फुटणारे गोळे म्हणजे फळाचा रस, आणि त्याभोवती समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटचं पातळ कवच. ते डब्यात तयार येतात, शिजवावे लागत नाहीत, म्हणून दुकानदाराला सोयीचे. वाईट नाहीत, पण त्यांच्यावरून मोत्यांविषयी मत बनवू नका. आपल्या शहरातलं दुकान पारखायचं असेल तर वरचीच कसोटी लावा : नुसता चहा मागा. 'नुसता चहा नाही, फ्लेवर सांगा' असं उत्तर आलं तर समोरच्या टपरीवर जा.

उरलेली बबल टी फ्रीजमध्ये ठेवून सकाळी प्यायली तर?

चहा पिता येईल, मोती नाही. थंडीत ते खडे होतात आणि परत गरम केले तरी पूर्वपदावर येत नाहीत. घरी न्यायचंच असेल तर सुपरमार्केटमधून कोरड्या मोत्यांचं पाकीट घ्या. ते सामानात जातं, भरलेला कप मात्र विमानतळाच्या तपासणीत जाणार. आणि घरी शिजवताना साबुदाण्यासारखे आधी भिजत घालू नका. माझ्या बहिणीने रात्रभर भिजवले होते, सकाळी पातेल्यात खळ होती. थेट उकळत्या पाण्यात टाका, वर तरंगेपर्यंत ढवळत राहा.